रिले ट्रिप झाला, आता काय?



आज एका लोखंडी कपाटाबद्दल बोलायचं आहे. कारखान्यात त्याला एमसीसी म्हणतात, म्हणजे मोटर कंट्रोल सेंटर. साखर कारखाना असो, शहराचं पाणी उपसणारं पंपघर असो की गावाकडची राइस मिल, जिथे दहा-वीस मोटरी एकत्र चालतात तिथे हे कपाट असतं. ते चालू असतं तोवर कोणी त्याच्याकडे बघत नाही. बंद पडलं की सगळे त्याच्यासमोर उभे राहतात, आणि तेव्हाच चुका होतात.

आधी आत काय आहे ते पाहू. मुख्य वीज तांब्याच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर येते, त्या बसबार. त्यांच्यावरून प्रत्येक मोटरच्या कप्प्याला वीज मिळते. कप्प्यात तीन मुख्य वस्तू असतात. शॉर्ट सर्किट झालं तर तोडणारा ब्रेकर, मोटर चालू-बंद करणारा कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले. रिलेमध्ये दोन धातूंच्या जोडपट्ट्या असतात. करंट वाढला की पट्टी तापते, वाकते आणि मोटर बंद करते. मोटर सुरू होताना सहा-सात पट करंट घेते, म्हणून रिले काही सेकंद दम धरतो. क्लास 10 चा रिले सेटिंगच्या 7.2 पट करंटला 10 सेकंदांच्या आत ट्रिप होतो. एवढाच दम त्याला दिलेला आहे.

मी फौजेत होतो. तिथे पहिल्या दिवसापासून शिकवतात, की रात्री संतरीने आवाज दिला तर आधी बाहेर जाऊन बघा. तुमची झोप मोडली म्हणून त्याला गप्प बसवू नका. रिले हा कपाटातला संतरी आहे. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आता कुंडमची गोष्ट सांगतो. जबलपूरहून दिंडोरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे तहसिलीचं गाव. हिरन नदीचा उगम इथला. आसपास गोंड वस्ती, शेतात धान आणि कोदो-कुटकी. या भागातल्या एका राइस मिलमध्ये मला ओळखीतून बोलावणं आलं. बावीस किलोवॅटची, म्हणजे तीस एचपीची मोटर जळली होती. ऐन हंगामात मिल चार दिवस बंद. मालकाचं नुकसान झालंच, पण रोजीवर काम करणाऱ्या हमालांचे चार दिवस बुडाले, ते कोण भरून देणार?

मी विचारलं, "जळण्याआधी काय बदललं होतं?" बिघाड शोधताना पहिलं हत्यार मीटर नाही, हा प्रश्न आहे. मिलचा इलेक्ट्रिशियन मुलगा खाली बघत म्हणाला, "साहब, ओव्हरलोड बार-बार ट्रिप होता था, तो थोड़ा बढ़ा दिया."

मोटर स्टार-डेल्टाची होती. पाटीवर फुल लोड करंट 40 अँपिअर. स्टार-डेल्टात रिले बहुधा वाइंडिंगच्या वाटेवर बसतो, तिथून 0.58 पट करंट जातो. म्हणजे सेटिंग साधारण 23 हवं. त्याने ते 30 वर नेलं होतं. याचा अर्थ लाइनमध्ये 52 अँपिअर गेले तरी रिले हूं की चूं करणार नाही.

रिवाइंड होऊन आलेली मोटर बसवली, सेटिंग 23 वर आणलं. चाळीस मिनिटांनी रिले ट्रिप. मालक माझ्याकडे बघायला लागला. पण क्लॅम्प मीटरवर तिन्ही फेजना 21-22 अँपिअर, अगदी समान. मग मोटरवर जास्त भार नव्हताच. तरी रिलेची पट्टी तापत होती. उष्णता येत कुठून होती?

चालू भारावर रिलेच्या प्रत्येक पोलच्या जोडावर व्होल्टेज मोजलं. दोन पोलवर काही मिलिव्होल्ट. तिसऱ्यावर सव्वा व्होल्ट. सव्वा गुणिले 22 म्हणजे सुमारे 27 वॅट. हा एका लहान सोल्डरिंग आयर्नचा ताप झाला, आणि तो रिलेला चिकटून दिवसभर पेटलेला. केबलचा लग ढिला होता, दुसरं काही नाही. शिवाय तीन पट्ट्यांपैकी एकच जास्त वाकली तर बहुतेक रिले लवकर ट्रिप होतात, कारण फेज गेल्याची ती खूण असते.

म्हणजे संतरी खोटं बोलत नव्हता. तो "इथे काहीतरी तापतंय" असंच सांगत होता. त्याला गप्प केलं. पुढे हलरचं बेअरिंग खराब झालं, ओढ वाढली, करंट खरोखर वाढला, तेव्हा ओरडायला कोणी उरलं नव्हतं. रात्रपाळीत मोटर जळली. वाइंडिंगचं तापमान मर्यादेपेक्षा दहा अंश जास्त राहिलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हे लक्षात ठेवा.

म्हणून रिले ट्रिप झाला तर क्रम असा ठेवा. आधी बघा, वास घ्या, विचारा. काळवंडलेला लग, वितळलेलं इन्सुलेशन डोळ्यांना दिसतं. मग तिन्ही फेजमधलं व्होल्टेज मोजा. समजा 420, 410, 400 आलं. सरासरी 410, सर्वांत मोठा फरक 10, म्हणजे जवळपास अडीच टक्के असमतोल. ऐकायला लहान वाटतं, पण करंटमधला असमतोल त्याच्या सहा ते दहा पट होऊ शकतो. मग करंट मोजा. मग जोड. शेवटी वीज बंद करून, केबल सोडवून, मेगरने मोटर तपासा. 415 व्होल्टच्या मोटरला 500 व्होल्टचा मेगर पुरतो. यातलं काहीही न करता रिसेट दाबणं म्हणजे नुसतं नशीब आजमावणं.

देखभाल फार अवघड नाही. हंगामापूर्वी वीज बंद करून सगळे जोड टॉर्क रेंचने, कंपनीने दिलेल्या मापाने आवळा. जोर लावून पिळू नका, आटे जातात. धूळ आणि कोंडा व्हॅक्यूमने ओढून घ्या. ब्लोअर मारला तर तोच कोंडा कॉन्टॅक्टरच्या पोटात जातो. कॉन्टॅक्टरचे चांदीचे कॉन्टॅक्ट काळे दिसले म्हणून कानस मारू नका. तो काळा थर वीज वाहू देतो आणि कानशीने चांदीच जाते. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत तांब्यावर तापमान कमी दाखवतो, म्हणून वीज बंद असताना तिथे काळी टेप लावून ठेवा. आणि मोटरच्या पंख्याची जाळी साफ ठेवा. जाळी तुंबली तर मोटर तापते, पण करंट वाढत नाही. रिलेला कोंडा दिसत नाही, तो तुम्हालाच दिसला पाहिजे.

एक गोष्ट सांगायची राहिली, आणि ती सर्वांत महत्त्वाची. तो लग आवळायला मुलाने कप्प्याचा स्विच खाली केला, "बंद है साहब" म्हणाला आणि पाना घेऊन हात आत घालू लागला. मी त्याचं मनगट धरलं. शेजारच्या कप्प्यातून इंटरलॉकची एक तार इथे येत होती. मीटर लावला, 240 व्होल्ट! स्विच बंद होता, पण कप्पा मेलेला नव्हता.

म्हणून स्विच बंद करा, कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. कपॅसिटर असेल तर पाच मिनिटं थांबा. मग मीटर आधी चालू विजेवर तपासा, नंतर कप्प्यातली एकूण एक तार तपासा, आणि पुन्हा मीटर चालू विजेवर लावून बघा. मधेच मीटर बिघडला असेल तर कळायला हवं. मोजमाप उघड्या, चालू पॅनेलवर करावं लागलं तर ते शिकलेल्या माणसानेच, हातमोजे आणि चेहऱ्याची ढाल घालून, सोबत दुसरा माणूस उभा ठेवून करायचं.

त्या मिलमध्ये आता कप्प्याच्या दारावर आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर सेटिंग 23, आणि खाली त्या मुलाच्या अक्षरात ट्रिपची तारीख, वेळ, कारण. कारणाचा रकाना रिकामा असेल तर रिसेट नाही, हा नियम त्याने स्वतःच केला. तुमच्या कपाटाच्या दारावर असा कागद आहे का, उद्या सकाळी बघा.