चालत्या यंत्राची नाडी

वैद्य नाडी पाहतो ती हृदय चालू असताना. आजच्या यंत्रांचेही तसेच झाले आहे.

अशी कल्पना करा, की जयपूरच्या बनी पार्क वस्तीतील एका घराच्या गच्चीवर सोलर पॅनेल आहेत. खाली इन्व्हर्टरच्या पोटात नखाएवढा संगणक आहे. भर दुपारी तो मधूनच अडखळतो. कारागीर तो बंद करून पुन्हा सुरू करतो आणि सारे सुरळीत होते. परंतु दोष तेथेच असतो. पुसला जातो तो त्याचा पुरावा, कारण वीज जाताच तात्पुरती स्मृती रिकामी होते.

म्हणूनच चालत्या यंत्राला डीबगर जोडावा लागतो. 1990 साली मान्य झालेली ‘जेटॅग’ ही पद्धत मुळात पट्टीवरील जोडण्या तपासण्यासाठी होती. तिच्या चार तारांच्या वाटेने पुढे चिपच्या अंतरंगात डोकावता येऊ लागले. मात्र येथे संयम हवा. जोडताना संगणक पुन्हा सुरू होऊ द्यावयाचा नाही. नवी आज्ञावली चढवावयाची नाही. जी आत चालू आहे तिचाच तंतोतंत नकाशा हाती ठेवावयाचा. इन्व्हर्टरच्या पट्टीचा थेट विद्युत्‌वाहिनीशी संबंध असू शकतो, तेव्हा मध्ये विद्युत्‌रोधक अडसर हवाच. नाहीतर उपकरण जळेल आणि माणसाच्या जिवावरही बेतेल. शिवाय संगणक भलत्या क्षणी थांबविला आणि विजेचे दार उघडेच राहिले, तर अर्धवाहक जळून जातात. तेथे न थांबविता नुसत्या नोंदी वाचणे हेच शहाणपण.

अशा नोंदींचे मोल 1997 साली दिसले. 4 जुलैला ‘पाथफाइंडर’ मंगळावर उतरले आणि काही दिवसांनी त्याचा संगणक वारंवार स्वतःच पुन्हा सुरू होऊ लागला. पृथ्वीवरील प्रतिकृतीवर अभियंत्यांनी तोच बिघाड घडवून आणला आणि नोंदींतून कारण शोधले. हवामानाचे कनिष्ठ काम एक सामाईक कुलूप धरून बसे. मधल्या दर्जाची कामे त्याला पुढे सरकू देत नसत. आणि श्रेष्ठ काम त्या कुलपासाठी ताटकळे. कुलूप धरणाऱ्याला तेवढ्यापुरता श्रेष्ठाचा दर्जा देताच यंत्र सुधारले. तपासणीची सोय आज्ञावलीतून काढून टाकली नव्हती, म्हणून हे साधले.

बनी पार्कहून जंतरमंतर फारसे दूर नाही. सवाई जयसिंहांच्या तेथील सम्राट यंत्राची सावली संगमरवरावरून सेकंदाला सुमारे 1 मिलिमीटर सरकते. कोणीही ती वाचावी. वाचल्याने सूर्य थांबत नाही. उत्तम डीबगरचा आदर्श हाच.

फरक एवढाच, की सावलीला कोणी ढकलू शकत नाही. चिपच्या वाटेने आत गेलेला मात्र नुसते वाचत नाही, बदलूही शकतो. म्हणून पुष्कळ कारखानदार माल बाहेर पाठविताना ती वाट बंद करतात, आणि मग घरोघरी अडखळणाऱ्या यंत्राचे दुखणे कोणालाच कळत नाही. दार बुजविण्यापेक्षा त्याला कुलूप लावावे आणि किल्ली जबाबदार हाती द्यावी. ज्या यंत्रावर आपण घराचा उजेड सोपवितो, त्याची नाडी पाहण्याची सोय असलीच पाहिजे.