मनोऱ्यावरून दिसलेला धूर

मेळघाटातील आगीच्या टेहळणीचा मनोरा आम्ही पायी जाऊन पाहिला. वाट जाळरेषेची, म्हणजे आग अडावी म्हणून पाचोळा काढलेली पट्टी. आपल्या जुन्या मध्यप्रांतात, बोरीच्या जंगलात, कर्नल पिअर्सन यांनी १८६० नंतर वणवे रोखण्याचे काम हाती घेतले, तेच हे. १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वनखात्याची माणसे धूर शोधतात. हल्ली उपग्रहही खबर देतो म्हणा. विझवायला मात्र हिरव्या फांद्या घेऊन माणूसच धावतो.

अनेक आगी मोहाखाली लागतात. फुले वेचता यावीत म्हणून पाचोळा पेटवतात. त्या कोरकू बायकांना नुसता दोष देऊन काय होणार? पोटाचा प्रश्न आहे! झाडाखाली लुगडे अंथरले की पेटवायला नको. तरी जुनी लुगडी होळीपूर्वी मंडळात आणून द्यावीत. फाटकी असली तरी चालतील.