पंडिता रमाबाईंचें बायबल

पनवेलचें बेथ-एल सिनेगॉग १८४९ सालचें. तेथें जमणाऱ्या बेने-इस्रायलांची घरची बोली मराठी, धर्मग्रंथाची भाषा मात्र हिब्रू. हीच हिब्रू प्रौढ वयांत शिकावी असें एका ख्रिस्ती विदुषीस वाटलें, आणि तें केवळ विद्येच्या हौसेनें नव्हे.

पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. परंतु चर्चचें शासन निमूटपणें मानावें, ही तेथील धर्मभगिनींची अपेक्षा त्यांस मानवली नाहीं. पुरोहितांचें एक जोखड टाकून दुसऱ्याखालीं मान द्यावयाची कशासाठीं? त्रैक्याचें मत ग्रंथांत कोठें आहे, हें त्या विचारीतच राहिल्या. बालपणीं आईपाशीं संस्कृत शिकून पुराणें सांगणारी बाई ती. ऐकीव अर्थावर तिचें समाधान कसें व्हावें?

पुढें केडगांवीं मूळ हिब्रू व ग्रीक पाहून त्यांनीं सबंध बायबल मराठींत उतरविलें. भाषांतरें पूर्वींहि होतीं. पण साध्या बायकांना तीं कळत नाहींत, हें त्यांचें दुखणें. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ सालीं निघाला. त्याची छपाई आश्रमांतील स्त्रियांनींच केली, आणि त्यांतील कित्येकींना तेथें येण्यापूर्वीं अक्षरओळखहि नव्हती.