तारापूरनंतरची वसई



मी वसईचा ख्रिस्ती माणूस. क्षमा या विषयावर बोलणार म्हटल्यावर आता रविवारचं प्रवचन ऐकावं लागणार, अशी धास्ती काही पदवीधरांच्या चेहऱ्यांवर दिसते आहे. घाबरू नका. मी लढाईपासून सुरुवात करतो, आणि तेही इथल्याच.

जानेवारी 1739. तारापूरचा किल्ला तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. चिमाजी अप्पांच्या फौजेने तो लढून घेतला, पण त्या लढाईत बाजी भिवराव रेठरेकर पडले. पेशव्यांच्या घरातलेच म्हणावेत असे ते सरदार. त्यांच्या आईला बाजीरावांनी लिहिलेलं सांत्वनपत्र मिळालं तर जरूर वाचा. पुढे वसईच्या वेढ्यात हजारो मराठे कामी आले. त्याआधीची दोनशे वर्षं या किनाऱ्यावर देवळं पडली होती, माणसं जबरदस्तीने बाटवली गेली होती. मे महिन्यात वसई शरण आली तेव्हा सूड घ्यायला कारणं शोधावी लागली नसती.

आणि तह काय झाला? शिबंदीने हत्यारांनिशी, वाजतगाजत बाहेर पडावं. रहिवाशांनी चीजवस्तू घेऊन जावं. जे मागे राहतील त्या ख्रिस्त्यांनी आपला धर्म पाळावा. मागे राहिले त्यांत माझे पूर्वज होते. बायबलात पेत्राने येशूला विचारलं होतं, अपराध करणाऱ्या भावाला सात वेळा क्षमा केली तर पुरे ना? येशूने सातावर थांबू दिलं नाही, ते सत्तर पटींवर नेलं. हे पुस्तक हातात घेऊन राज्य करणाऱ्या पोर्तुगिजांना जे जमलं नाही, ते ज्यांनी ते उघडलंही नसेल त्यांनी केलं. आम्हा ख्रिस्त्यांनी हे अधूनमधून आठवावं.

कुणी म्हणेल, पावसाळा तोंडावर होता, फौज थकली होती, यात राजकारण होतं. असेलच. मला त्याचं वावडं नाही. निव्वळ शुद्ध हेतूने केलेल्या क्षमेची वाट पाहत बसलो तर जगात फारशी क्षमा उरणार नाही.

पण दुसरी बाजू पाहा. अप्पांनी किल्ला परत दिला नाही, मुलूखही सोडला नाही. चर्चच्या घंटासुद्धा गेल्या; भीमाशंकरसारख्या देवळांत त्या आजही टांगलेल्या आहेत. जे घ्यायचं ते घेतलं, सूड तेवढा सोडला. क्षमा म्हणजे आपला हक्कही सोडून देणं, असं तुम्हाला कुणी सांगत असेल तर तो बहुधा तुमचं देणं लागतो.

आमचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो वसईजवळच्या नंदाखालचे होते. व्यासपीठावर प्रेम सांगणारा हा धर्मगुरू वसईची हिरवाई वाचवायला रस्त्यावर उतरला, बलदंडांना अंगावर घेतलं. पुढे ते 2020च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मगुरू आहेत म्हणून त्यांना विरोध झाला, धमक्या आल्या. संमेलनाला ते गेलेच, पाठीच्या दुखण्याने चाकाच्या खुर्चीत बसून गेले. मोर्चा आणि माफी एकाच माणसात नांदू शकतात, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

तुमच्यापैकी बरेच जण उद्या बोईसरच्या एमआयडीसीत कामाला लागाल. ठेकेदार पगार अडकवेल, वरिष्ठ स्वतःची चूक तुमच्या माथी मारतील. त्या माणसाचा द्वेष घरी नेऊ नका, त्याच्या मुलाबाळांचं वाईट चिंतू नका. पण कामगार आयुक्तांकडे अर्ज मात्र जरूर करा.

आणि कधी तुम्ही दुसऱ्या बाजूला असाल. रात्रपाळी, टाकी भरलेली, सांडपाणी प्रक्रिया न करताच सोडून द्या असा वरून फोन. इथल्या प्रदूषणाविरुद्ध मच्छीमारांची मांगेला समाज परिषद हरित लवादापर्यंत गेली, कारण खाडीत मासळी मरत होती. अशा वेळी ‘झालं गेलं विसरून जा’ म्हणायचा अधिकार कारखान्याला नाही, सरकारला नाही, व्यासपीठावरच्या मलाही नाही. माफ करायचं की नाही, आणि केव्हा, ते नवापूर-दांडीचे मच्छीमार ठरवतील. व्हॉल्व्हवर हात ठेवाल तेव्हा आधी त्यांना विचारा.