सायलेंट व्हॅली : फांदीवरचा रस्ता



संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत, म्हणून पाहिलेल्या जंगलांपैकी एकाबद्दलच बोलतो. केरळातल्या पलक्कड जिल्ह्यातलं सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान. भूगोलाच्या तासाला आपण नकाशावर सह्याद्रीची तपकिरी रेघ ओढायचो ना, तिच्याच दक्षिण टोकाकडचं हे सदाहरित जंगल.

मुक्काली गावातून वनखात्याच्या जीपने २३ किलोमीटर आत गेलं की सैरंध्री. शेजारून वाहते ती कुंती नदी. महाभारत इथवर पोचलंय! तिथल्या मनोऱ्यावर चढलं की नुसते झाडांचे शेंडे दिसतात, जमीन कुठेच नाही. सिंहपुच्छ वानराचा मुक्काम याच शेंड्यांवर. काळं अंग, तोंडाभोवती राखाडी आयाळ, शेपटीला गोंडा. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाबाहेर जगात कुठेही हे रानात सापडत नाही. कलेनिया झाडाची, फणसाच्या कुयरीसारखी काटेरी फळं फोडून ते बिया खातं. जमिनीवर क्वचितच उतरतं. फांदीला फांदी लागलेली असते, तोच त्याचा रस्ता. तमिळनाडूत वालपराईला चहामळ्यांनी जंगलाचे तुकडे केले. तिथे हीच वानरं डांबरी रस्त्यावर उतरतात आणि गाडीखाली येतात.

याच कुंतीवर १२० मेगावॅटचं धरण व्हायचं होतं. बुडणार होतं सुमारे ८.३ चौरस किलोमीटर जंगल. ‘एवढंच ना?’ असं तेव्हा बरेच जण म्हणत. मलबारला वीज हवी होती, हेही खरंच. कोयनेच्या विजेवर अभ्यास केलेल्या आपण त्यांना नावं ठेवू नयेत. पण बुडणारा तुकडा नदीकाठचा होता, म्हणजे जंगलाच्या ऐन मधला. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने ही गोष्ट लोकांपर्यंत नेली. तिच्यात शिक्षक, प्राध्यापक पुष्कळ होते, हे समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना मुद्दाम सांगतो. सुगतकुमारींसारखे कवी उतरले, सलीम अलींनीही प्रकल्प सोडण्याची विनंती केली. १९८३ मध्ये प्रकल्प रद्द झाला, १९८४ मध्ये राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं.

आपल्या बॅचने जायचं ठरवलं तर पावसाळा टाळा, जळवा फार. मुक्कालीला सकाळी लवकर पोचा. आणि सैरंध्रीला गप्पा बंद ठेवा. वानरं दिसण्याआधी वरून फळांची सालं पडल्याचा आवाज येतो, तो ऐकू आला पाहिजे.