त्रिरश्मीवरची नावं



बारसं तोंडावर आलं की घरोघरी नावाची शोधाशोध सुरू होते. पंचांगातून अक्षर मिळतं, आत्याबाईंनी एक नाव आधीच मनाशी धरलेलं असतं. मोबाइलवरच्या याद्या चाळून चाळून शेवटी पक्कं होतं ते असं नाव, ज्याला पुढे शाळेत एका हाकेला चार मुली ओ देतात. माझं नाशिककरांना मनापासून सांगणं आहे, की नाव ठरवण्याआधी एकदा पांडवलेणी चढून या.

त्रिरश्मी डोंगरावरच्या या 24 लेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही. ही बौद्ध भिक्षूंची वस्ती. ती कोरायला ज्यांनी पैसा दिला, त्यांनी आपली नावं ब्राह्मी अक्षरांत भिंतींवर कोरून ठेवली. त्यात राजे आहेत, तसे व्यापारी आणि कोळीही आहेत. आणि स्त्रिया तर ठळकपणे आहेत.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते 20 क्रमांकाच्या लेण्यातलं नाव. बोपकी नावाच्या एका यतीनं हे लेणं खोदायला घेतलं आणि ते कित्येक वर्षं अपुरंच राहिलं. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या कारकिर्दीच्या सातव्या वर्षी ते एका बाईनं पुरं करवून घेतलं आणि भिक्षुसंघाला राहायला दिलं. ती महासेनापती भवगोपाची पत्नी, नाव वासू. दोनच अक्षरं. दुसऱ्यानं अर्धवट टाकलेलं काम तडीला नेणारीचं नाव आपल्या लेकीला असावं, असं कोणाला वाटणार नाही?

‘द’ अक्षर आलं असेल, तर 10 क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथं ओसरीतल्या एका खोलीच्या दारावर लेख आहे : ही खोली दक्षमित्रेचं दान. ती क्षत्रप नहपानाची मुलगी आणि उषवदाताची बायको. नवऱ्याचे लांबलचक लेख त्याच लेण्यात आहेत. त्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, 3000 कार्षापण नाणी कायमची ठेवली आणि त्यांच्या व्याजातून भिक्षूंच्या चीवरांची, म्हणजे वस्त्रांची, सोय लावली. पण दक्षमित्रेचं दान तिच्या स्वतःच्या नावावर आहे. घरात हाक मारायला ‘मित्रा’ छान वाटेल.

त्याच लेण्याच्या अंगणात विष्णुदत्तेचा लेख आहे. ही शक घराण्यातली उपासिका. तिनं कुंभार, तेली आणि पाण्याची यंत्रं करणारे कारागीर यांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवली, ती आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. डॉक्टर आईबापांनी या नावाचा जरूर विचार करावा.

18 क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दाराशी एक यक्ष कोरलेला आहे. तो आणि तिथली वेदिका करवून घेणारी नंदश्री. आणि 3 क्रमांकाच्या लेण्यात गौतमी बलश्री, म्हणजे गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या 19 व्या वर्षी, तिनं मुलाचा पराक्रम दगडावर लिहवून घेतला. त्या लेण्याच्या ओसरीचा भार खांद्यावर घेतलेले सहा धिप्पाड यक्ष खाली दिसतात. गौतमी नाव नाशकात गोदावरीमुळे घरोघरी आहे. बलश्री मात्र मी अजून एकाही बारशाला ऐकलेलं नाही.

मुलगा झालेल्यांनी 17 क्रमांकाच्या लेण्यात थांबावं. उत्तरेतून आलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या यवनानं, म्हणजे ग्रीक माणसानं, ते आपल्या आईवडिलांसाठी कोरवलं. सोबत त्याचा मुलगा होता, धर्मरक्षित. आजोबांचं नाव धर्मदेव. परक्या मुलुखातून आलेल्या घरानं आपली तीन पिढ्यांची नावं इथल्या कातळात ठेवली, आणि तिन्ही आजही जशीच्या तशी ठेवता येतील.

हे सगळे लेख एमिल सेनार या फ्रेंच पंडितानं ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात वाचून छापले आहेत. आवडलेलं नाव त्यात पडताळून घ्यावं, कारण दगडावर ते प्राकृतात असतं, दक्षमित्रा तिथं ‘दखमिता’ असते. आणि पडताळताना 8 क्रमांकाच्या लेण्याचा लेखही वाचा. ते मुगुदास नावाच्या कोळ्यानं आपल्या परिवारासह दिलेलं आहे.