मुलांना आभाळ वाचायला शिकवू या
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी दोन शब्द बोलायला सांगितलं. जन्म गेला पहिली ते चौथीला शिकवण्यात, त्यामुळे दोन शब्दांत आटोपणं आम्हाला जमत नाही. तरी थोडक्यात सांगतो. विषय एकच आहे : पूर, वीज, कडक ऊन या गोष्टी लहान मुलांना शिकवायच्या कशा?

आपला तालुका टंचाईचा. १९७२चा दुष्काळ घरातल्या थोरांनी पाहिलाय. गिरणा धरण याच तालुक्यात, पांझणला. तरीही टँकर आपल्याला नवा नाही. आणि याच नांदगावात सप्टेंबर २०२१मध्ये शाकंबरी आणि लेंडी या नद्यांना पूर आला, पाणी गावात शिरलं. त्यानंतर तिसरीतल्या एका मुलीनं मला विचारलं, "गुरुजी, आपल्याकडे तर पाणीच नसतं, मग पूर कसा येतो?"

मोठ्या माणसालाही चटकन उत्तर देता येणार नाही असा प्रश्न. आम्ही मैदानात मातीचे दोन सारखे ढीग केले. एकावर झारीनं हळूहळू एक तांब्या पाणी शिंपडलं, दुसऱ्यावर तेवढंच पाणी एकदम ओतलं. पहिल्यात पाणी मुरलं. दुसऱ्याची माती कापून पाणी वाहून गेलं. पाणी तेवढंच, पण वेळ कमी. वर्षाचा पाऊस थोडा असला तरी तो काही तासांत कोसळला तर पूर येतो, हे मुलांना कळलं. फळ्यावर लिहून एवढं कळलं नसतं.

मग मोजायला शिकवावं. सरळ बाजूंची बाटली, तिला पट्टी चिकटवली की पर्जन्यमापक तयार. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद गच्चीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर! टँकर पाहिलेल्या पोरांना हे लगेच समजतं. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की महसूल खातं अतिवृष्टी म्हणतं, ती का, हेही मग सांगावं लागत नाही.

विजेचंही तसंच. लखलखाट दिसला की सेकंद मोजायचे, गडगडाट ऐकू येईपर्यंत. तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर खेळ थांबवून घरात. झाडाखाली नाही, गच्चीवर नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पहिलीतलं पोरसुद्धा हे मोजतं, आणि मोजताना रडायचं विसरतं.

उन्हाचं सोपं आहे. भर दुपारी मैदान नको, तहान लागायच्या आधी पाणी. डोकं दुखलं, मळमळलं, गरगरलं तर लगेच मोठ्यांना सांगायचं. मुलं खेळाच्या नादात सांगत नाहीत, म्हणून हे आधीच घोकून घ्यावं.

लहान मुलाचं शिक्षण किती कामी येतं याचं एक उदाहरण जगाला माहीत आहे. २००४च्या त्सुनामीच्या वेळी टिली स्मिथ ही दहा वर्षांची इंग्रज मुलगी थायलंडच्या किनाऱ्यावर होती. समुद्राची लक्षणं तिनं ओळखली, कारण दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला तो धडा झाला होता. तिनं आईवडिलांना सांगितलं आणि किनारा वेळेत रिकामा झाला. पण माझ्या मते अर्धं श्रेय आईवडिलांचं. त्यांनी पोरीचं ऐकलं.

आता आपलं बघा. शाळेत आम्ही शिकवतो, फरशीवरून पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही. घोट्याच्या जरा वर आलेलं वाहतं पाणीही माणसाला पाडतं. आणि संध्याकाळी तेच पोर पेट्रोलच्या टाकीवर बसवून बाप गाडी पाण्यात घालतो. "काही होत नाही रे!" मग पोरानं कोणाचं खरं मानायचं? पोर बापाचंच मानतं.

मुलं विचारतात, "पूर परत येईल का?" "नाही रे बाळा" म्हणू नका. ते खोटं ठरलं तर पुढचं काहीच ते ऐकणार नाही. म्हणा, "येऊ शकतो. आला तर काय करायचं ते आपल्याला माहीत आहे." भीती घालवायला एवढं वाक्य पुरतं. मात्र 'माहीत आहे' हे खरं असायला हवं.

म्हणून सोसायटीपुढे तीन मागण्या ठेवतो. एक, गच्चीवर पर्जन्यमापक बसवावा, नोंदवही मुलांनी ठेवावी आणि रोजचा आकडा खालच्या फळ्यावर लिहावा. दुसरी, त्याच फळ्यावर ११२, १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे क्रमांक कायम असावेत. पाणी चढू लागलं तर मीटरच्या खोलीतला मेन स्विच कोणी बंद करायचा, त्याचंही नाव असावं. तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. आज कितीतरी घरांत आई आणि वडील दोघंही कामाला बाहेरगावी जातात. पावसामुळे शाळा मध्येच सुटली, तर कोणाचं मूल कोणाच्या घरी थांबणार, हे जूनच्या आधी ठरवून कागदावर लिहू या. माझं दार दिवसभर उघडं असतं. त्या यादीत पहिलं घर माझं लिहा.

पंचवीस वर्षांत आपण भिंती उभ्या केल्या, पाण्याची टाकी बांधली, रंग दिला. पुढच्या पंचवीस वर्षांत ही सतरंजीवरची मंडळी सोसायटी सांभाळणार आहेत. त्यांना आतापासून एक काम देऊ या : रोज सकाळी आभाळाकडे बघायचं आणि आकडा लिहायचा.